अंगण बघून झाड

मृगाच्या सुमारास कुठल्याही मोठ्या नर्सरीत एक रोप हमखास दिसतं. गुडघाभर उंची, काळी पिशवी, शेंड्याला गुलाबी नाहीतर जांभळ्या फुलांचा तुरा, आणि फांदीला अडकवलेल्या चिठ्ठीवर नाव ‘ताम्हण’. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, त्यामुळे मागणी असते आणि लोक हौसेने रोप घरी नेतात. पण बियांपासून वाढवलेलं ताम्हण गुडघ्याएवढं असताना फुलत नाही. पहिला बहर यायला काही वर्षं जातात आणि तोवर झाड माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं. पिशवीतच फुललेलं ते रोप बहुतेक वेळा ताम्हणाची चुलत बहीण असते. जुने लोक तिला चिनाई मेंदी म्हणतात, हिंदी मुलखात ती सावनी आहे, अमेरिकेत क्रेप मर्टल, आणि नर्सरीवाला तिला नुसतं ‘लॅजरस्ट्रोमिया’ म्हणून मोकळा होतो. हे तर ताम्हणाचंही कूळनाव, म्हणजे घोळ आणखी वाढतो.

घोळ नावापुरता असता तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण यातलं एक झाड तिमजली इमारतीच्या बरोबरीला जाऊ शकतं आणि दुसरं आयुष्यभर खिडकीच्या उंचीवर ठेवता येतं. चिठ्ठी चुकली की चूक दहा वर्षांनी दिसते, आणि तेव्हा ती निस्तरायला माळी पुरत नाही.

दुसरीकडे गृहनिर्माण संस्थांच्या सभांमधून आणि बागप्रेमींच्या गटांमधून वेगळाच वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, आपलं राज्यपुष्प असताना परदेशी झुडूप कशाला? दुसरा म्हणतो, कंपाउंडच्या कडेला तीन फुटांची पट्टी आहे, तिथे जंगली वृक्ष लावून उद्या भिंत कोण बांधून देणार? दोघांचंही म्हणणं ऐकण्याजोगं आहे. मात्र निवाडा करण्याआधी पक्षकारांची ओळख पटवायला हवी.

ती पटवायला फूल फारसं कामाचं नाही. या सगळ्या कुळात पाकळी बारीक देठावर बसलेली आणि खिशात चुरगळलेल्या रुमालासारखी असते. डाळिंबाची पाकळी आठवा, तशीच. योगायोग नव्हे, डाळिंब, मेंदी, धायटी आणि ताम्हण ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत. म्हणून आधी पान हातात घ्यावं. ताम्हणाचं पान चांगलं वीतभर लांब, जाडसर, लांबट, ठळक शिरांचं असतं. चिनाई मेंदीचं पान बोटाच्या दोन पेरांएवढं, फार तर बोटभर, आणि जवळजवळ बिनदेठाचं. तिची कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवली तर चार कोन हाताला लागतात. मग कळी पाहावी. ताम्हणाच्या कळीवर उभ्या धारा उमटलेल्या असतात, नखाने मोजता येतील इतक्या स्पष्ट, आणि फळ धरल्यावरही त्या धारा खालच्या वाटीवर राहतात. चिनाई मेंदीची कळी गुळगुळीत, मण्यासारखी गोल. एवढ्या दोन खुणा पाहिल्या की फसगत होत नाही. फुलांच्या आकारातही फरक आहेच. ताम्हणाचं एकेक फूल दोन-तीन इंचांचं, चिनाई मेंदीचं त्याच्या निम्म्याने. फक्त नर्सरीत तुलनेला दोन्ही शेजारी उभी नसतात.

चिनाई मेंदीचं फूल मात्र एकदा डोळ्यांजवळ धरून बघण्याजोगं आहे. मधोमध आखूड, पिवळ्या टोकांच्या केसरांचा झुबका असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला सहा लांब, वाकडे, रंगाने फिके केसर उभे असतात, सहसा नजरेतून सुटणारे. या फुलात मध नाही. माशीला पिवळा झुबका दिसतो, ती त्यातले परागकण खायला बसते, आणि तेवढ्यात लांब केसर तिच्या अंगाला पराग फासतात. खाण्याचे वेगळे आणि पाठवण्याचे वेगळे असे दोन प्रकारचे पराग एकाच फुलात ठेवणारी झाडं फार नाहीत.

घोळात भर घालणारा तिसराही एक इसम शहरांत आहे. मध्यम उंचीचा, गच्च पानांचा आणि रस्त्याकडेला सर्रास लावलेला. नर्सरीत त्याला ‘थोरेली’ म्हणतात. त्याची फुलं जांभळी उमलतात आणि जुनी होता होता पांढुरकी पडतात, त्यामुळे एकाच तुऱ्यात दोन रंग दिसतात. तोही ताम्हण म्हणून खपतो. ताम्हणाचं फूल सुकताना फिकट पडतं, पण असा दुरंगी तुरा दिसला तर सहसा थोरेलीच समजावा.

आता पहिल्या पक्षाचं म्हणणं. ताम्हण इथलं आहे, यात शंका नाही. कोकणातल्या नद्या-ओढ्यांचे काठ आणि सह्याद्रीच्या ओलसर दऱ्या हे त्याचं माहेर. बंगाल-आसामकडे त्यालाच जारूळ म्हणतात, आणि पाण्यात टिकणारं लाकूड म्हणून तिकडे त्याच्या होड्या होत आल्या. एप्रिल-मे महिन्यांत, नेमका महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे, फांद्यांच्या टोकांना जांभळे तुरे उभे राहतात. उन्हाने डोळे दिपतात अशा दिवसांत तो रंग दिसणं ही मोठी गोष्ट आहे. तशात गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री अशा पाहुण्या झाडांनी शहरांचे रस्ते भरून टाकलेले असताना आपल्या झाडाचा आग्रह कुणी धरला तर त्यात वावगं काय?

वावगं काही नाही. फक्त ‘आपलं’ म्हणताना नकाशा जरा मोठा करून पाहावा. ताम्हण ओलाव्याचं झाड आहे. सोलापूर, बीड, जालना भागाला ते चीनमधल्या झुडपाइतकं परकं नसलं तरी तिथलंही नाही. विदर्भाच्या सागवानी जंगलात याच कुळातलं तिथलं स्वतःचं झाड आहे. ते म्हणजे लेंडी किंवा बोंडारा, बारीक पांढऱ्या फुलांचा, फिकट राखी सालीचा. सह्याद्रीत आणखी एक भाऊ आहे, नाणा. त्याचा गुळगुळीत पांढुरका बुंधा दाट रानातही लांबून ओळखू येतो. ही दोन्ही अस्सल इथली झाडं, पण नर्सरीत शोधून सापडत नाहीत. स्थानिक झाडाचा आग्रह खरा असेल तर नागपूर-चंद्रपूरच्या बागांतून बोंडाऱ्याची रोपं दिसायला हवी होती. ती दिसत नाहीत, कारण आपला आग्रह बऱ्याचदा झाडाचा नसून ‘राज्यपुष्प’ या पाटीचा असतो.

पाखरांचा मुद्दाही या वादात नेहमी येतो. ताम्हण लावा, पक्षी येतील, असं सांगितलं जातं. पक्षी बसायला येतील, घरटंही बांधतील, पण ताम्हणाला गर असलेलं फळ नाही. लाकडी बोंडं उकलतात आणि आतून पंखवाल्या चपट्या बिया वाऱ्यावर उडतात. चिनाई मेंदीचंही तेच. पक्ष्यांना खाऊ घालायचं असेल तर उंबर लावावा, जागा असेल तर वड लावावा. मधमाश्या आणि भुंगे दोघींकडे पराग न्यायला येतात. उंच झाडाच्या आडोशाला, सालीत आणि पानांत जे किडामुंगीचं जग वसतं ते झुडपात तेवढं वसत नाही, हे मात्र ताम्हणाच्या बाजूने मोजायलाच हवं.

चिनाई मेंदी परदेशी, म्हणून घातक, हे मात्र पटणारं नाही. घाणेरी आणि सुबाभूळ यांनी आपली रानं कशी व्यापली ते आपण पाहिलं आहे. चिनाई मेंदी कित्येक पिढ्या आपल्या बागांत आहे आणि कुंपण ओलांडून रानात घुसल्याची तिच्याविरुद्ध तक्रार नाही. पाहुणी आहे, पण पाहुण्यासारखीच राहते.

दुसऱ्या पक्षाचं सगळं बळ जागेच्या हिशेबात आहे, आणि शहरात हा हिशेब निर्णायक ठरतो. रानात ताम्हण वीस मीटरपर्यंत जातं. शहरात ते आठ-दहा मीटरवर थांबलं तरी त्याला सहा-सात मीटरचा घेर लागतो. भिंतीपासून निदान पंधरा फूट जागा नसेल तर ते लावू नये, असं माझं मत आहे. वड-पिंपळासारखी त्याची मुळं भिंती फोडत सुटत नाहीत हे खरं. पण बुंधा जाड झाला की फरशी उचलली जातेच, आणि वरच्या फांद्या विजेच्या तारांत गेल्या की झाडाचं भवितव्य वायरमनच्या हाती जातं. मग ते काढायचं म्हटलं तर १९७५चा महाराष्ट्राचा शहरी वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आहे. कायदा योग्यच आहे. त्याच कारणाने खड्डा खणण्याआधी विचार करायला हवा.

चिनाई मेंदी दोन ते पाच मीटरमध्ये भागवून घेते. रो-हाउसच्या पुढच्या पट्टीत, गच्चीवर अर्ध्या पिंपात, खिडकीखाली कुठेही ती मावते. नव्या फुटव्याच्या टोकालाच फुलत असल्याने छाटली तरी बहर बुडत नाही, उलट वाढतो. ताम्हण उन्हाळ्यात फुलून पहिल्या पावसात संपतं, तेव्हा हिची सुरुवात होते, आणि उघडीप मिळत राहिली तर दसऱ्यापर्यंत झुडूप रंगलेलं असतं. पांढरा, गुलाबी, लाल, जांभळा, हवा तो रंग मिळतो. वय वाढलं की बुंध्याची साल पापुद्र्यांनी गळते आणि खालून राखी-बदामी चट्टे उमटतात. हिवाळ्यात पानं नसतानाही झाड बघत राहावंसं वाटतं.

पण तिचंही सगळं गोड नाही. ऊन कमी पडलं की ती रुसते. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. दोन इमारतींच्या सांदीत लावली तर पानं वाढतात, फुलं येत नाहीत, आणि ढगाळ हवेत पानांवर भुरी पसरते. द्राक्ष आणि बोरवाल्यांना हा पांढरा पिठूळ रोग चांगला ठाऊक आहे. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, त्याचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. खाली गाडी लावत असाल तर टपावर रोज चिकटा. औषधं फवारण्याआधी झाड उन्हात आहे का आणि आतल्या फांद्या विरळ केल्या आहेत का, ते पाहावं. निम्मं दुखणं तिथेच जातं.

इथे हवामानाचा एक गमतीचा उलटफेर आहे. चिनाई मेंदीचा बहर पावसात येतो, आणि कोकणातल्या संततधारेत तिच्या नाजूक पाकळ्यांचा लगदा होतो, फांद्या ओल्या तुऱ्यांच्या भाराने जमिनीला टेकतात. देशावरच्या कमी पावसात आणि भरपूर उन्हात तीच झाडं महिनोन् महिने मिरवतात, आणि एकदा मूळ धरलं की कमी पाण्यावरही तग धरतात. ताम्हणाचं नेमकं उलट. कोकणात त्याला कुणी विचारलं नाही तरी ते वाढतं. देशावर पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, आणि ते न दिल्यामुळेच वृक्षारोपण सप्ताहातली कितीतरी ताम्हणं फोटोपुरती जगतात. तेव्हा रत्नागिरीच्या माणसाने ताम्हण सोडून चिनाई मेंदी लावणं जितकं अजब, तितकंच पाणी द्यायची सोय नसताना सोलापुरात ताम्हणाचा हट्ट धरणं.

चिनाई मेंदीशी सर्वांत जास्त संसार केला आहे तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी. अटलांटा, डॅलस, ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दारातही बहुधा एखादं क्रेप मर्टल असतंच, कारण तिकडे ते घरोघरी असतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी चिनाई मेंदीचा जपानमधल्या याकुशिमा बेटावरच्या जातीशी संकर केला. त्या जपानी बहिणीकडून भुरीला दाद न देण्याचा गुण आला आणि दालचिनी रंगाची सालही. ‘नॅचेझ’, ‘मस्कोगी’ असे त्यांचे वाण १९७८मध्ये बाजारात आले. त्यांची नावं अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची आहेत. तिथे आज गुडघ्याएवढ्या राहणाऱ्या वाणांपासून दुमजली घराएवढ्या वाणांपर्यंत सगळं मिळतं, आणि मुख्य म्हणजे झाड पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल ते चिठ्ठीवर छापलेलं असतं. आपल्याकडे चिठ्ठीवर फक्त रंग असतो, तोही नर्सरीवाल्याच्या अंदाजाने.

अमेरिकेचे दोन धडेही ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला छाटणीचा. तिथे दर हिवाळ्यात सुंदर वाढलेल्या झाडाचे शेंडे मनगटाएवढ्या जाडीवर सपासप उडवायची चाल पडली आहे आणि जाणकार माळी तिला उपहासाने ‘क्रेप मर्डर’ म्हणतात. कापलेल्या ठिकाणी गाठी येतात, गाठींतून छडीसारखे लांब फुटवे निघतात, ते फुलांच्या भाराने वाकतात, आणि सालीचं, बुंध्याचं सगळं सौंदर्य कायमचं जातं. दुसरा धडा किडीचा. २००४मध्ये टेक्ससमध्ये डॅलसजवळ या झाडावर पूर्व आशियातली एक खवले कीड सापडली आणि नंतर ती राज्यामागून राज्यात पसरली. रस्तेच्या रस्ते एकाच झाडाने भरलेले असल्यावर किडीला दुसरं काय हवं?

छाटणीच्या बाबतीत आपण अमेरिकेच्याही पुढे आहोत, आणि या विषयात मला खरा राग येतो तो इथे. पावसाळापूर्व छाटणी एप्रिल-मेमध्ये होते. ताम्हणाच्या कळ्या तेव्हा फांद्यांच्या टोकांवर असतात. ठेकेदाराची माणसं शिडी लावून सगळ्या झाडांना एकाच मापाने कातरतात आणि वर्षभर वाट पाहिलेला बहर ट्रकमध्ये भरून जातो. ज्या शहरात राज्यपुष्पाच्या नावाने दरवर्षी रोपं वाटली जातात, तिथेच फुलायच्या आठवड्यात त्याची टोकं उडवली जातात. धोकादायक फांदी काढावीच, त्याबद्दल दुमत नाही. बाकी ताम्हणाला छाटणी जवळजवळ लागत नाही. रोप लहान असताना खालचे फुटवे काढून बुंधा सरळ केला की पुरे. मोठेपणी कातरावं लागत असेल तर झाड चुकीच्या जागी लावलं गेलं आहे. चिनाई मेंदीची छाटणी थंडीत, पानं गळलेली असताना करावी: वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या काढाव्यात, मुख्य खोडांना हात लावू नये. पहिला बहर ओसरल्यावर सुकलेले तुरे खुडले तर दुसरा बहर येतो. काढलेल्या काड्यांतल्या जून, पेन्सिलीएवढ्या काड्या वाळूमिश्रित मातीत खोचल्या की त्यांना मुळं फुटतात, शेजाऱ्याला द्यायला रोप तयार.

तर निवाडा काय? घराभोवतीची पट्टी, गच्ची, छोटा बंगला इथे चिनाई मेंदी लावणाऱ्याला अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तिथे ताम्हण कोंबणं म्हणजे ताम्हणाचे हाल. पण जिथे जागा आहे, म्हणजे शाळेचं मैदान, सोसायटीचा मोकळा कोपरा, नदीकाठ, दवाखान्याचं आवार, रुंद रस्त्याची कडा, तिथे पहिला मान ताम्हणाचा, आणि विदर्भात त्याच्या जोडीला बोंडाऱ्याचा. या जागांवर हल्ली ठेकेदार चिनाई मेंदीच्या रांगा लावतात, कारण त्या लवकर फुलतात आणि उद्घाटनाच्या दिवशी चांगल्या दिसतात. सार्वजनिक जागेवर सावली देऊ शकणारा वृक्ष सोडून झुडूप लावणं हा तोट्याचा सौदा आहे, आणि तिथे मी पहिल्या पक्षाबरोबर आहे.

नर्सरीवाल्यांनी चिठ्ठीवर रंगाऐवजी पूर्ण वाढीची उंची लिहिली तर यातले निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. ते लिहीत नाहीत तोवर गिऱ्हाइकाने पान आणि कळी पाहूनच पैसे द्यावेत. ताम्हणाची बोंडं थंडीत तपकिरी होऊन उकलू लागतात. ज्यांच्या गावात, शाळेत, वाडीत जुनं झाड आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत, बिया वाऱ्यावर जाण्याआधी, मूठभर बोंडं उतरवून जवळच्या रोपवाटिकेला द्यावीत, आणि हे बी कुठल्या झाडाचं आहे ते सोबत लिहून द्यावं.